“मी घेणारच आहे” असे म्हणणाऱ्याला स्टिरॉइडविषयी काय सांगावे?

दंडबैठक (धागाकर्ता)

व्यायाम करणाऱ्या मंडळींच्या चर्चेत एक प्रश्न वारंवार निघतो आणि दर वेळी अर्धवट राहतो, म्हणून त्यासाठी स्वतंत्र धागा काढत आहे. एखादा तरुण येऊन म्हणतो, “घ्यायचे की नाही हे मी विचारत नाही, ते माझे ठरले आहे, कसे घ्यायचे तेवढे सांगा.” त्याला आपण काय उत्तर द्यावे?

आधी विषयाची हद्द आखून घेतो. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी डॉक्टर जी स्टिरॉइडे देतात, ती इथे अभिप्रेत नाहीत. टेस्टोस्टेरॉन, नँड्रोलोन, स्टॅनोझोलोल, मेथँडिएनोन ही पुरुषी संप्रेरकाच्या कुळातली, स्नायू वाढवणारी द्रव्ये, जिममध्ये ज्यांना ‘टेस्ट’, ‘डेका’, ‘डीबॉल’ म्हणतात आणि ज्यांच्या ठरावीक आठवड्यांच्या वापराला ‘सायकल’ किंवा ‘कोर्स’ म्हणतात, त्यांच्याविषयी मी बोलत आहे. प्रयोगशाळेत टेस्टोस्टेरॉन १९३५ साली तयार झाले, मेथँडिएनोन १९५८ साली अमेरिकेत बाजारात आले आणि तिथल्या वेटलिफ्टरांमध्ये पसरले, १९८८ साली सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सनचे सुवर्णपदक स्टॅनोझोलोलमुळे काढून घेतले गेले. तोपर्यंत हा खेळाडूंचा आणि पदकांचा प्रश्न समजला जात असे. आज आपल्याकडे ही इंजेक्शने घेणाऱ्या बहुतेकांना कोणत्याही स्पर्धेत उतरायचे नसते. त्यांना दंड मोठे हवे असतात, लग्नाआधी शरीर ‘दिसायला’ हवे असते किंवा शेजारच्या मशीनवरचा मुलगा चार महिन्यांत कसा फुगला हे त्यांनी पाहिलेले असते. अशांपर्यंत ‘नाडा’ या राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेची तपासणी पोहोचत नाही आणि २०२२ चा डोपिंगविरोधी कायदाही त्यांच्यासाठी केलेला नाही.

अशा मुलाला सहसा तीन प्रकारची उत्तरे मिळतात. काही जण त्याला मूर्ख ठरवून मोकळे होतात. काही जण “डॉक्टरांना विचार” एवढे लिहून निघून जातात, आणि हा सल्ला बरोबर असला तरी ज्या डॉक्टरकडे तो जाईल तो त्याला दाराबाहेर काढणार नाही याची खात्री देत नाहीत. तिसरे उत्तर सर्वांत सविस्तर असते. त्यात औषधाचे नाव, मात्रा, जोडीला काय घ्यावे आणि कोणाकडून आणावे हे सगळे असते. पहिल्या दोन उत्तरांनी आपली जबाबदारी संपली असे मानणारे सभ्य लोक तिसऱ्या उत्तरासाठी मैदान मोकळे करून देतात, ही माझी मुख्य तक्रार आहे.

माझे मत असे आहे की धोका ओळखायला, तपासण्या करायला आणि थांबायला ज्या माहितीचा उपयोग होतो ती न लाजता, न रागावता आणि पूर्ण द्यावी. सुरुवात करायला ज्या माहितीचा उपयोग होतो, म्हणजे कोणते, किती, कशासोबत आणि कुठून, ती देऊ नये. ही रेषा वाटते तितकी सरळ नाही याची मला जाणीव आहे, आणि ती कुठे वाकडी होते यावरच चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

फार्मासिस्ट_सातारा

मी औषधाच्या दुकानात बसतो, त्यामुळे माझी बाजू दुकानाच्या खिडकीतून दिसणारी आहे. टेस्टोस्टेरॉन आणि नँड्रोलोन ही शेड्यूल एच मधली औषधे आहेत, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात मात्र ती येत नाहीत. त्यामुळे पोलिसांना त्यांत फारसा रस नसतो आणि अन्न व औषध प्रशासनाचे मनुष्यबळ किती अपुरे आहे हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. चिठ्ठीशिवाय माल न देणारा दुकानदार गिऱ्हाईक गमावतो, आणि ते गिऱ्हाईक घरी न जाता जिममधल्या ‘कोच’कडे जाते.

मात्रा सांगण्याला माझा जो विरोध आहे त्याचे कारण नीतीत नाही, बाटलीत आहे. जिममध्ये फिरणाऱ्या बाटल्यांवर परदेशी नावे, होलोग्राम आणि क्यूआर कोड असतात, पण आतले तेल कोणी आणि कोणत्या खोलीत भरले ते कोणालाही ठाऊक नसते. लेबलवर एक औषध आणि आत दुसरे, किंवा आत काहीच नाही, असे प्रकार जगभरच्या तपासण्यांत पुन्हा पुन्हा आढळले आहेत. ज्या बाटलीत काय आहे हेच माहीत नाही, तिच्यातले इतके मिली घ्या असे सांगणाऱ्याला ‘अनुभवी’ म्हणावे हे मला पटत नाही. “कमी मात्रेत घेतले तर सुरक्षित” हे वाक्य बाटली खरी असल्याचे गृहीत धरते, आणि सगळी गडबड त्या गृहीतकातच आहे.

एक अवांतर, पण महत्त्वाचे. सध्या आमच्याकडे मुले सर्वांत जास्त ज्याची चौकशी करतात ते स्टिरॉइड नाहीच. मेफेंटरमीन हे इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या वेळी, कण्यात भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात. जिममध्ये ते व्यायामाआधी ‘जोर यावा’ म्हणून घेतले जाते आणि पुणे-मुंबईकडे त्याचे साठे वेळोवेळी पकडलेही गेले आहेत. त्याने स्नायू वाढत नाहीत. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब चढतो, झोप उडते आणि सवय लागते. धागाकर्त्यांनी याचा उल्लेख वरच्या मजकुरात जरूर करावा.

मीनल_नेदरलँड

मी राहते त्या देशात या प्रश्नाचे एक उत्तर प्रत्यक्ष करून पाहिले गेले आहे, म्हणून लिहिते. ॲमस्टरडॅमजवळच्या हार्लेम शहरातल्या रुग्णालयात स्टिरॉइड वापरणाऱ्यांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालवला गेला. इथे परवान्याशिवाय ही औषधे विकणे गुन्हा आहे, पण स्वतःसाठी वापरणाऱ्याला शिक्षा होत नाही, त्यामुळे माणूस डॉक्टरांना खरे सांगू शकतो. तिथले डॉक्टर स्टिरॉइड लिहून देत नसत आणि सायकलही आखून देत नसत. ते तपासत, दुष्परिणामांवर उपचार करत आणि थांबू इच्छिणाऱ्याला मदत करत.

त्याच डॉक्टरांनी स्वतःच्या निर्णयाने सायकल सुरू करणाऱ्या १०० पुरुषांचा पाठपुरावा केला. सायकलपूर्वी, सायकलच्या शेवटी, त्यानंतर ३ महिन्यांनी आणि सुरुवातीपासून वर्षभराने त्यांची तपासणी झाली. औषध चालू असताना हृदयाची भिंत जाड होणे, त्याची रक्त ढकलण्याची ताकद घटणे, शुक्रजंतू कमी होणे हे सगळे दिसले, आणि थांबल्यावर पुढच्या काही महिन्यांत बहुतेकांमध्ये बरेचसे पूर्वपदावर आले. हा निष्कर्ष दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे. “एका सायकलने आयुष्य संपते” असे म्हणणाऱ्यांना तो खोटे पाडतो. “काही होत नाही” असे म्हणणाऱ्यांनाही तो सोडत नाही, कारण थांबल्यावर बरे होते हे खरे असले तरी थांबणारे थोडे असतात.

डेन्मार्कने वेगळा रस्ता धरला. तिथे व्यायामशाळांमध्ये जाऊन सदस्यांची डोपिंग चाचणी घेतली जाते आणि जी व्यायामशाळा या व्यवस्थेत सामील होत नाही तिला दारावर रुसलेला लाल चेहरा लावावा लागतो. या चाचण्यांत दोषी आढळलेल्या ५४५ पुरुषांची सरकारी आरोग्य नोंदींशी तुलना केली गेली, तेव्हा त्यांच्यातला मृत्युदर त्याच वयाच्या इतर पुरुषांच्या सुमारे तिप्पट निघाला. स्टिरॉइड घेणारी माणसे इतर जोखमीही अधिक पत्करत असतील, त्यामुळे सगळा दोष औषधाचा असे त्यातून सिद्ध होत नाही, तरीही तिपटीचा आकडा नुसत्या स्वभावाच्या खात्यावर टाकता येणार नाही.

ब्रिटनमध्येही एक गोष्ट शिकण्यासारखी घडली. इंग्लंड आणि वेल्समध्ये स्नायूंसाठी इंजेक्शने घेणाऱ्या ३९५ पुरुषांच्या पाहणीत १.५ टक्के एचआयव्हीबाधित आढळले, म्हणजे हेरॉइनसारखे पदार्थ टोचून घेणाऱ्यांमध्ये तिथे जितके प्रमाण आहे साधारण तितकेच. तिथल्या सुई-बदल केंद्रांसाठी, म्हणजे वापरलेली सुई घेऊन नवी देणाऱ्या केंद्रांसाठी, २०१४ साली जी मार्गदर्शक तत्त्वे आली त्यांत म्हणूनच स्टिरॉइडवाल्यांचा वेगळा विचार केलेला आहे. सुई आणि औषधाची बाटली दुसऱ्यासोबत वापरू नका, एवढे सांगायला आपल्याला कोणाचीही परवानगी नको.

तालमीतला

सर्वांनी चांगले लिहिले आहे, पण मला मूळ गृहीतकच मान्य नाही. “ठरलेच आहे” असे म्हणणाऱ्याचे खरोखर ठरलेले असते हे कशावरून? ज्याचे ठरलेले असते तो विचारत बसत नाही, तो टोचून घेतो. विचारणारा अजून उंबरठ्यावर असतो आणि आपण त्याला काय म्हणतो याकडे त्याचे लक्ष असते. माझ्याकडे येणारी मुले १८ ते २२ वयाची असतात. कोणाला कुस्तीत वजनगट बदलायचा असतो, कोणी पोलीस भरतीची तयारी करत असतो. त्यांना “घेऊ नको, पण घेतलेस तर ही तपासणी कर” असे सांगितले की त्यांना फक्त दुसरा अर्धा भाग ऐकू येतो. तपासणीचा कागद हातात आला आणि सगळे आकडे ठीक निघाले की तोच कागद परवाना होतो. हेरॉइनच्या बाबतीत सुई बदलून देणे मला समजते, कारण तिथे माणूस आधीच अडकलेला असतो आणि उद्याचे इंजेक्शन घेतल्याशिवाय राहू शकत नाही. इथे तसे नाही. निरोगी मुलाला आपण जोखमीचा अभ्यासक्रम शिकवतो आहोत, आणि त्याला हानी कमी करणे म्हणतो आहोत.

डॉ_अंतःस्राव

तालमीतला यांचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, त्यामुळे त्याला बगल देणार नाही. पण आधी शरीरात काय होते ते नीट मांडतो, कारण उंबरठ्यावरच्या मुलाला हेच कोणी सांगत नाही.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की मेंदूतली पीयूषिका ग्रंथी वृषणांना काम करण्याचा आदेश देणारी दोन संप्रेरके सोडणे थांबवते. वृषणांचे स्वतःचे उत्पादन बंद पडते, ती आकसतात आणि शुक्रजंतूंची निर्मिती घटत जाऊन कित्येकांत शून्यावर येते. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासली होती, त्या चाचण्यांचे निष्कर्ष १९९० पासून प्रसिद्ध आहेत, आणि शुक्रजंतू शून्यावर येण्याचे प्रमाण आशियाई पुरुषांत युरोपीय पुरुषांपेक्षा अधिक आढळले. जिममधल्या मात्रा त्या चाचणीतल्या मात्रेच्या कित्येक पट असतात. लग्नाआधी शरीर कमवण्यासाठी जे औषध घेतले जाते ते गर्भनिरोधक आहे, हे ऐकून माझ्यासमोर बसलेल्या अनेक तरुणांचा चेहरा प्रथमच गंभीर झालेला मी पाहिला आहे.

हृदयाविषयी २०१७ साली अमेरिकेत १४० अनुभवी वेटलिफ्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतले ८६ जण स्टिरॉइड वापरणारे होते. हृदय एका ठोक्याला आतल्या रक्तातला किती वाटा बाहेर ढकलते याचे सरासरी प्रमाण न वापरणाऱ्यांत ६३ टक्के, तर वापरणाऱ्यांत ५२ टक्के होते. याशिवाय चांगले कोलेस्टेरॉल कोसळते, रक्तदाब वाढतो आणि तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते. रक्तातला पेशींचा हिस्सा, ज्याला अहवालात हिमॅटोक्रिट म्हणतात, ५४ टक्क्यांच्या वर गेला तर आम्ही ज्यांना आजारासाठी टेस्टोस्टेरॉन देतो त्यांचेही औषध थांबवतो. पोटात घ्यायच्या बहुतेक गोळ्या यकृताला त्रासदायक असतात. एक बारकावा मात्र माहीत असावा: जोरदार व्यायामानंतर स्नायूंमधूनही यकृताच्या तपासणीतले एसजीओटी आणि एसजीपीटी हे आकडे वाढतात, त्यामुळे फक्त त्या दोन आकड्यांवरून यकृत बिघडले असेही म्हणता येत नाही.

आता आक्षेपाकडे येतो. कागद परवाना होतो हे खरे आहे. रक्ताचे आकडे ठीक असतानाही हृदयाच्या धमन्यांत चरबी साचत राहू शकते, हे त्या कागदावर दिसत नाही, आणि ही मर्यादा प्रत्येक वेळी तपासणीसोबतच सांगितली पाहिजे. पण तपासणी न सांगण्याने मुलगा थांबेल याला मला कोणताही आधार दिसत नाही.

धागाकर्त्यांची रेषा जिथे खरोखर वाकडी होते ती जागा म्हणजे ‘पीसीटी’, अर्थात सायकलनंतरचे उपचार. सायकल संपल्यावर शरीराचे स्वतःचे उत्पादन परत सुरू व्हावे म्हणून मुले क्लोमिफेन आणि टॅमॉक्सिफेन घेतात. पहिले वंध्यत्वाचे औषध आहे, दुसरे स्तनाच्या कर्करोगाचे. थांबणाऱ्याला याविषयी सांगणे म्हणजे थांबायला मदत, की पुढच्या सायकलची तयारी? माझ्या मते हे नेमके डॉक्टरचे काम आहे. सायकलनंतर ही औषधे दिल्याने सर्वांची प्रकृती लवकर सावरते हे दाखवणारा भक्कम पुरावा नाही आणि दोन्हींचे स्वतःचे दुष्परिणाम आहेत. तरीही एखाद्याला चाचण्या पाहून ती द्यावी लागतात. ती कोणाला द्यायची हे चर्चेतून ठरू शकत नाही.

जुना_भिडू

मी सायकल केलेल्यांपैकी आहे आणि आता करत नाही, एवढे पुरे. मला कोणते उत्तर उपयोगी पडले असते ते सांगतो. मला मूर्ख म्हणणाऱ्यांचे मी पुढे काही वाचले नाही, आणि विकणाऱ्याने मात्र प्रत्येक प्रश्नाला दोन मिनिटांत, ‘भावा’ म्हणत उत्तर दिले. त्याने जे कधीच सांगितले नाही ते हे: थांबल्यानंतरचे महिने फार वाईट जातात. कमावलेले शरीर डोळ्यांदेखत उतरत असते, स्वतःचे संप्रेरक अजून जागे झालेले नसते, कामेच्छा नसते, सकाळी उठावेसे वाटत नाही. त्या अवस्थेत दुसरी सायकल सुरू केली की आठवडाभरात बरे वाटू लागते. तालमीतला दादा, हेरॉइनवाला अडकलेला असतो आणि स्टिरॉइडवाला नसतो असे तुम्ही म्हणालात, ते पहिल्या सायकलपर्यंत खरे आहे. दुसरी कोणी आरशासाठी करत नाही, उदासी जावी म्हणून करतात. हे मला आधी कोणी समजावले असते तर मी पहिली केली नसती असा दावा मी करणार नाही, पण दुसरीच्या आधी मी डॉक्टर शोधला असता.

मृण्मयी_क

संपूर्ण चर्चा पुरुषांभोवती फिरते आहे. स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलींना त्यांचे प्रशिक्षक ‘अगदी सौम्य, बायकांना चालणारी’ गोळी सुचवतात, आणि बहुतेक वेळा ती ऑक्सँड्रोलोन असते. ही द्रव्ये पुरुषी संप्रेरकाच्याच कुळातली आहेत, त्यामुळे स्त्रीच्या शरीरात आवाज घोगरा होणे, चेहऱ्यावर केस येणे, पाळी थांबणे आणि शिश्निका मोठी होणे हे परिणाम होऊ शकतात. पाळी बहुधा परत येते. आवाज एकदा बसला की औषध बंद करूनही सहसा परत येत नाही. त्यात गर्भ राहिला आणि तो मुलीचा असेल, तर तिच्या जननेंद्रियांच्या घडणीवर परिणाम होऊ शकतो. पुरुषांना “थांबलात तर बरेचसे पूर्वपदावर येते” असे वर लिहिले गेले, ते वाक्य स्त्रियांना जसेच्या तसे लागू नाही हे स्वतंत्रपणे नोंदवावे. शिवाय इथे “माझे ठरले आहे” असे म्हणणारी मुलगी नसते, तिच्या वतीने प्रशिक्षकाने ठरवलेले असते.

दंडबैठक (धागाकर्ता)

मृण्मयीताई, तुमचा मुद्दा आणि मेफेंटरमीनचा मुद्दा मूळ मजकुरात घालतो. जुना_भिडू यांनी सांगितलेली थांबल्यानंतरची उदासी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती माहिती पहिली सायकल करणाऱ्याला कोणत्याही अर्थाने मदत करत नाही आणि थांबणाऱ्याला मात्र तिचीच गरज असते. ज्यांना त्या काळात जीव नकोसा वाटतो त्यांच्यासाठी केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची निःशुल्क सेवा आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

तालमीतला, एक विचारतो. उंबरठ्यावरच्या मुलाला तुम्ही नकार देता, ते योग्यच आहे. पण जो उंबरठा ओलांडून गेला आहे, ज्याच्या छातीत दुखते आहे किंवा इंजेक्शनची जागा लाल होऊन तापली आहे, तो तुमच्याकडे येईल का?

तालमीतला

येणार नाही, हे मान्य करतो. माझ्याकडे आलेला एक मुलगा सुजलेला पार्श्वभाग घेऊन चार दिवस सगळ्यांपासून लपवत होता, आणि शेवटी त्याला शस्त्रक्रिया करून पू काढावा लागला. तरीही माझा एक मुद्दा सोडत नाही. १६-१७ वर्षांच्या मुलाच्या बाबतीतही तुम्ही सगळे “तपासणी कर” असेच म्हणणार आहात का?

डॉ_अंतःस्राव

नाही. वाढीच्या वयात ही द्रव्ये हाडांच्या टोकांवरचे वाढीचे पट्टे वेळेआधी बंद करू शकतात, आणि त्यामुळे कायमची खुंटलेली उंची कोणत्याही उपचाराने परत मिळत नाही. सज्ञान नसलेल्या मुलाला हानी कमी करण्याचा सल्ला द्यायचा नसतो, त्याच्या पालकांना कळवायचे असते आणि औषध पुरवणाऱ्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करायची असते.

तालमीतला

एवढ्यावर तरी आपले एकमत झाले. पण मग तोच मुलगा १८ पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आला तर?

डॉ_अंतःस्राव

तर मी त्याला वर जे लिहिले ते सगळे सांगेन, घेऊ नको असे स्पष्ट म्हणेन, आणि तरीही त्याने घेतले तर रक्तदाब मोजून पुढची तारीख देईन. तुम्ही त्याला तालमीबाहेर काढाल हे मला समजते, कारण तुमच्याकडे बाकीची २० मुले बघत असतात. माझ्या खोलीत तो एकटाच असतो.

फार्मासिस्ट_सातारा

डॉक्टर, एक व्यावहारिक विनंती आहे. या मुलांना तपासायला तयार असलेले डॉक्टर आमच्या जिल्ह्यात कोण आहेत हे मलाच ठाऊक नाही. चिठ्ठीशिवाय औषध नाकारताना मी गिऱ्हाइकाला एखादा पत्ता देऊ शकलो, तर माझ्या नकाराला काही अर्थ राहील.